भारतीय स्वातंत्र्याचा कायदा मुळातून वाचण्याची उत्तम सोय

ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजतर्फे चालवल्या जाणाऱ्या ‘लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके’ या संकेतस्थळावर १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा विनामूल्य वाचता येतो, आणि इतिहासाची आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तो तिथे एकदा तरी वाचावा, असे मला मनापासून वाटते. मूळ छापील प्रतीची पीडीएफ उतरवून घ्यावी. सुधारित आवृत्तीत रद्द झालेल्या मजकुराच्या जागी ठिपके दिसतात.

अवघी वीस कलमे आणि तीन परिशिष्टे! १८ जुलै १९४७ रोजी राजाची संमती मिळालेल्या या मजकुरात कुठेही भावनेचा शब्द नाही. पहिले कलम १५ ऑगस्टपासून दोन स्वतंत्र डोमिनियन (ब्रिटिश राजाला नाममात्र प्रमुख मानणारी स्वशासित राष्ट्रे) स्थापन करते आणि परिशिष्टांत बंगाल व पंजाबचे जिल्हे केवळ नावांच्या यादीसारखे मांडलेले आहेत. त्या यादीमागची माणसे आठवली की वाचन थांबते. सातवे कलम मात्र सावकाश वाचावे. संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता तिथे संपुष्टात येते, आणि १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेल्या कोल्हापूरसारख्या संस्थानांपुढे तेव्हा कोणता प्रश्न उभा राहिला, हे त्यातून नेमके उमगते. पोर्तुगीज सत्तेखालील गोवा अर्थातच या कायद्याच्या कक्षेबाहेर होता.

इतक्या जुन्या कायद्यांना तिथे स्पष्टीकरणात्मक टिपा नसतात, त्यामुळे नवख्या वाचकाने १९३५ चा भारत सरकार कायदा जवळ ठेवावा, कारण आठवे कलम त्यावरच उभे आहे. सोबत आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३९५ही पाहावा. हे दोन्ही कायदे त्यानेच रद्द केले.