जॅंगो-ऑलऑथ : ‘गूगलने लॉगिन’च्या बटणामागचे पॅकेज

एका सार्वजनिक वाचनालयाची सभासद-नोंदणी जॅंगोवर (वेबसाइट उभारण्याच्या पायथन भाषेतील चौकटीवर) चालते आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे. पासवर्ड विसरलेल्या सभासदांच्या फोनांना कंटाळून ग्रंथपाल बाईंनी ‘गूगलने लॉगिन’ची मागणी केली, तेव्हा मी जॅंगोसाठी नोंदणी आणि लॉगिनचे काम सांभाळणारे ऑलऑथ हे मुक्त स्रोत पॅकेज घेतले. वर्षभराच्या वापरानंतरचे हे परीक्षण आहे.

बसवण्याचे काम खरोखर थोडे आहे. जॅंगोच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत चार नोंदी, एक मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो मधला टप्पा), एक ऑथेंटिकेशन बॅकएंड (लॉगिन तपासणारा भाग), यूआरएलची एक ओळ, मायग्रेशन (डेटाबेसमध्ये नवे तक्ते बनवणे) आणि गूगलच्या कन्सोलमधून, म्हणजे ॲप नोंदवण्याच्या पानावरून, आणलेले क्लायंट आयडी व सीक्रेट (ॲपची ओळख व गुप्त किल्ली) एवढ्यावर ते भागते. माझा अर्धा दिवस मात्र ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ या एररमध्ये गेला. लॉगिननंतर गूगलने सभासदाला जिथे परत पाठवायचे, तो कन्सोलमध्ये नोंदवलेला पत्ता आणि ॲपने पाठवलेला पत्ता शेवटच्या स्लॅशसकट तंतोतंत जुळावा लागतो; आमचे ॲप एनजिनएक्स या मधल्या (प्रॉक्सी) सर्व्हरच्या मागे असल्यामुळे ते पत्ता एचटीटीपीने तयार करत होते आणि कन्सोलमध्ये तो सुरक्षित एचटीटीपीएसने होता. यात पॅकेजचा दोष नव्हता, प्रॉक्सीच्या हेडरचे सेटिंग करायचे मीच विसरलो होतो.

या पॅकेजची खरी पारख होते ती पासवर्डने नोंदणी केलेला जुना सभासद त्याच ईमेलच्या गूगल खात्याने येतो तेव्हा. ईमेल सारखा दिसला म्हणून ऑलऑथ दोन्ही खाती आपणहून जोडत नाही; सभासदाने आधी जुन्या पासवर्डने आत यावे आणि मग गूगल खाते जोडावे, अशी त्याची मूळ अपेक्षा आहे. पासवर्डच विसरलेल्या माणसाला हे जाचक वाटते, आणि मलाही सुरुवातीला वाटले. परंतु ईमेलची पडताळणी न करणारी एखादी सेवा जोडलेली असेल, तर तिथे दुसऱ्याचा ईमेल टाकून कोणीही त्याच्या खात्यात शिरू शकेल, हे लक्षात घेता ही सावधगिरी योग्यच आहे. विश्वासाच्या सेवेपुरती ती शिथिल करण्याचे सेटिंग उपलब्ध आहे आणि गूगलपुरते आम्ही ते वापरले. शिवाय जोडलेल्या खात्याची ओळख ईमेलवर नव्हे, तर गूगलने दिलेल्या कायमच्या क्रमांकावर ठेवली जाते, म्हणून ईमेल बदलला तरी सभासद परका होत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. बटण म्हणून साधी लिंक दिली, तर मध्येच ‘पुढे जायचे का?’ असे विचारणारे पान येते. त्यामागे सुरक्षेचे कारण आहे, पण आमच्या ज्येष्ठ सभासदांना तिथे काहीतरी बिघडल्यासारखे वाटे. लिंकऐवजी पोस्ट पद्धतीने विनंती पाठवणारा फॉर्म ठेवल्यावर ते पान गेले. पॅकेजची मूळ टेम्प्लेट (पानांचे साचे) अगदीच कोरी आहेत, ती स्वतः रचण्याची तयारी ठेवावी. युजरनेम तयार करताना देवनागरी अक्षरे गाळली जातात, त्यामुळे गूगलवर मराठीत नाव लिहिणाऱ्या सभासदाचे युजरनेम त्याच्या ईमेलवरून बनते. आम्ही पडद्यावर युजरनेम दाखवणेच बंद केले.

ॲपलचे बटण लावलेले नाही. त्यांच्या डेव्हलपर सभासदत्वाचे वर्षाला ९९ डॉलर म्हटल्यावर ग्रंथपाल बाईंनी तेवढ्या पैशांत किती पुस्तके येतील, ते मला तिथेच सांगितले.