मेंदूचं वय मोजायचं कसं: एकदाच स्कॅन की पुन्हापुन्हा?

सोलापुरात वयानुसार मेंदू कसा बदलतो हे एमआरआयने तपासायचं म्हटलं, तर झटपट मार्ग एकच: विशीपासून ऐंशीपर्यंतच्या लोकांचं एकदाच स्कॅन करायचं. पण पूर्व भागात लहानपणीच शाळा सोडून मागावर बसलेले आजोबा आणि इंजिनिअरिंग शिकणारा त्यांचा नातू, यांच्या मेंदूंतला फरक नुसता वयाचा कसा म्हणायचा? शिक्षण, लहानपणचं खाणं, कामाची धाटणी, सगळंच वेगळं.

दुसरा मार्ग त्याच माणसांना काही काळाने पुन्हा बोलावण्याचा. खर्च जास्त, मध्येच मशीन बदललं तर मापं जुळत नाहीत. शिवाय आजारी माणसं गळत जातात आणि उरलेले जास्तच ठणठणीत दिसतात. तरी मला हाच पटतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १२० ज्येष्ठांचं वर्षभरात तीनदा स्कॅन झालं. नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी जोडलेला भाग, सुमारे २ टक्के वाढला. फक्त अंग ताणण्याचे आणि हलके व्यायाम करणाऱ्यांचा १.४ टक्के घटला. एकाच स्कॅनमध्ये हे दिसलंच नसतं. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरणाऱ्या आपल्या ज्येष्ठांचाही असा अभ्यास व्हायला हवा.