क्लबची अकादमी की घरचं मैदान? दहावीपर्यंतचा प्रश्न

मार्च-एप्रिल लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पालकांच्या फोनवर फुटबॉल अकादम्यांच्या निवड चाचण्यांचे निरोप फिरायला लागतात. घरात बारा-तेरा वर्षांचं पोरगं असतं. क्रीडाशिक्षक म्हणतात पाठवा, घरातली मोठी माणसं म्हणतात एवढ्यात नको, आणि पोरगं तर मनाने कधीच बॅग भरून बसलेलं असतं. अशा घरांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. थोरला आठवीत परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबच्या निवासी अकादमीत गेला आणि दहावीच्या तोंडावर परत आला. धाकटा भुसावळातच शाळेच्या आणि गावातल्या क्लबच्या संघातून खेळतो. माझं मत या दोन मुलांवरून आणि त्यांच्या मित्रांच्या घरी जे बघितलं त्यावरून बनलेलं आहे. तुमच्या घरी चित्र वेगळं असू शकतं.

आधी एक भेद करून घ्या, कारण इथेच बरेच पालक फसतात. क्लबचं नाव आणि लोगो लावून महिन्याची फी घेणारं प्रशिक्षण केंद्र वेगळं आणि मुलाला निवडून, राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः करणारी अकादमी वेगळी. पहिल्यात वाईट काही नाही, पण तिथून क्लबच्या मुख्य संघाकडे जाणारा रस्ता फार अरुंद असतो. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालू आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स २०१५ पासून. ही दुसऱ्या प्रकारची ठिकाणं, मुलाला शिष्यवृत्तीवर ठेवणारी. चाचणीच्या ठिकाणी मी एकच प्रश्न विचारतो: तुमच्या याच केंद्राचा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या १३, १५ किंवा १७ वर्षांखालच्या युवा लीगमध्ये उतरतो का? उत्तर गोलमोल आलं की पुढचं माहितीपत्रक वाचण्यात अर्थ नाही. यापुढे अकादमी म्हणेन ती दुसऱ्या प्रकारचीच.

खेळाच्या बाबतीत अकादमी उजवी आहे, यात मला शंका नाही. थोरला पहिल्या दिवाळीला घरी आला तेव्हा मी त्याला मुद्दाम रेल्वेच्या ग्राउंडवर जुन्या मित्रांबरोबर खेळताना बघितलं. त्याचा वेग होता तेवढाच होता, किकही तेवढीच होती. पण बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघत होता, आणि बॉल आला की पहिल्याच स्पर्शात मोकळ्या बाजूला वळत होता. बाकीची पोरं बॉल पायात आल्यावर विचार करायला लागत होती. ही सवय आमच्याकडे कोणी लावत नाही, कारण आमच्याकडे एका सरांच्या हाताखाली चाळीस पोरं, बॉल मोजके, आणि त्याच सरांना कबड्डी-खोखोही बघायचं असतं.

दुसरा फरक सामन्यांचा, आणि माझ्या मते मैदानापेक्षा, गवतापेक्षा तो मोठा आहे. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. पावसाळ्यात तालुका, मग जिल्हा, मग विभाग. एक सामना पेनल्टीवर हरलात की त्या वर्षाचं शालेय फुटबॉल संपलं. सुब्रतो कपचं, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेचं, स्वप्न सगळे बघतात, पण दिल्लीपर्यंत राज्यातून मोजक्याच शाळा जातात. अकादमीत लीग असते. आज हरलात तर पुढच्या आठवड्यात परत सामना असतो, चूक सुधारायला जागा असते. थोरल्याच्या खोलीत मिझोरामचा एक मुलगा होता. तो लहानपणापासून लीग खेळत आलेला. हरल्यावर आमचं पोरगं जेवायचं नाही आणि तो मुलगा शांतपणे ताट संपवून झोपायचा. हे आमच्या मुलाने त्याच्याकडून शिकलं.

घरच्या मैदानाचं वर्णन खानदेशातल्या माणसाला काय सांगायचं. काळी माती. उन्हाळ्यात भेगा अशा की घोटा अडकावा, पावसाळ्यात स्टडला चिखलाचे गोळे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणजे सराव सकाळी साडेपाचला, सातला बंद. या जमिनीवर खाली-खाली पास देऊन खेळायचं म्हटलं तरी बॉल सरळ जात नाही, म्हणून आपली पोरं उंच मारून पळायला शिकतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते. बॉल आले, पोरं खेळलीही. पण लीग आली नाही आणि प्रशिक्षकही आले नाहीत.

इतकं असूनही धाकट्याला मी अजून पाठवलेलं नाही.

त्याची छोटी कारणं आधी सांगतो. वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. आमचा थोरला नोव्हेंबरचा. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलांपुढे तो तेराव्या वर्षी पाप्याचं पितर दिसायचा, आणि त्या वयात निवड करणाऱ्याचा डोळा नकळत उंच, दणकट मुलावर जातो. उशिरा वाढणारा मुलगा अकादमीत दोन वर्षं मागे मागे राहतो आणि नेमकी वाढ सुरू होण्याच्या सुमाराला सुटतो. परत आल्यावर वर्षभरात थोरल्याची उंची कोणाच्या डोळ्यावर येईल इतकी वाढली. यात अकादमीचा दोष काढता येत नाही, त्यांनाही आज संघ उतरवायचा असतो. पण आपलं पोरगं वर्षाअखेरच्या जन्माचं आणि हाडापेराने लहान असेल तर एवढं लक्षात ठेवावं.

दुसरं, क्लबच टिकेल का हा प्रश्न. परगाव कशाला, पुणे बघा. पुणे एफसी २००७ साली सुरू झाला, त्याची अकादमी देशात नावाजलेली होती, २०१५ ला तो क्लब संपला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सची निवासी अकादमी गेली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. एका दशकात एकाच शहरातून चार व्यावसायिक क्लब गेले, आणि त्यात कोणत्याही पोराच्या खेळाचा काही संबंध नव्हता. २०२५ च्या जुलैत तर खुद्द आयएसएलचाच, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या फुटबॉल लीगचाच, हंगाम बेमुदत थांबवला गेला होता. मोठ्या खेळाडूला दुसरा क्लब मिळतो. चौदा वर्षांच्या मुलाला घरी यावं लागतं.

पण खरं सांगायचं तर या दोन कारणांवर मी अडलो नसतो. वाढ आज ना उद्या होते, क्लब बंद पडणं नशिबाचा भाग आहे. माझा निर्णय ज्याने फिरवला ती गोष्ट बाहेरच्याला किरकोळ वाटेल. ती म्हणजे “कळवतो”.

हंगाम संपला की अकादमी प्रत्येक मुलाचा आढावा घेते आणि पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार हे ठरवते. ठरवलंच पाहिजे. पण हे ठरण्याआधीच मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीवर घरी पाठवली जातात. नववी संपवून थोरला आला तेव्हा त्याची गादी, पेटी, अर्धे कपडे तिकडेच होते, म्हणजे परत जायचं गृहीत धरूनच आला. आम्ही फोन केला की उत्तर एकच, आढावा चालू आहे, कळवतो. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, सगळे गोड बोलायचे. मे संपला. पोरगं पहाटे एकटं धावायला जायचं, आल्यावर फोन बघायचं. त्याची आई लोणच्याचे, पापडांचे डबे भरायचे की नाही हे विचारायची आणि मला उत्तर देता यायचं नाही. जूनच्या मध्यावर इथल्या शाळा भरल्या. त्यानंतर कळवलं की यंदा जागा नाही.

मुलाला सोडलं याचा राग मला आला नाही, आजही नाही. फुटबॉलमध्ये सगळीकडे बहुतेक मुलं सुटतातच. पण दहावीचं वर्ष सुरू झालेलं आणि दाखला परराज्यातल्या शाळेत. दाखल्यासाठी शाळा म्हणते अकादमीचं पत्र आणा, अकादमी म्हणते संबंधित साहेब दौऱ्यावर आहेत. दाखला आला तर त्यावर तिकडच्या शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी नाही, म्हणून परत पाठवा. तोवर इथल्या जुन्या शाळेतली तुकडी भरून गेली. प्रवेश झाला तेव्हा पुस्तकं वेगळी. तिकडे केंद्रीय मंडळ, गणिताचं एक पुस्तक. इथे राज्य मंडळ, बीजगणित वेगळं, भूमिती वेगळी. तिकडे मराठी सुटलेलं, इथे मराठीचा पूर्ण पेपर. ज्या पोराने नुकतंच स्वप्न खाली ठेवलंय त्याला आपण त्याच महिन्यात सांगतो की बाळा, आता दोन वर्षांचं मराठी भरून काढ. तो वर्षभर बॉलला शिवला नाही. मला हे फार लागलं. त्याचा खेळ गेला तो निवड न झाल्यामुळे नाही, त्या लटकत्या दोन महिन्यांमुळे आणि त्यानंतरच्या धावपळीमुळे गेला, असं मला वाटतं. हेच उत्तर एप्रिलमध्ये मिळालं असतं तर तो जूनमध्ये आपल्या जुन्या बाकावर असता आणि संध्याकाळी ग्राउंडवर.

सगळ्या अकादम्या अशा वागतात असं मी म्हणत नाही. हंगामाआधी तारीख ठरवून पालकांना समोर बसवून सांगणाऱ्याही असतील. पण भोवतालच्या घरांतून हा “कळवतो” मी वारंवार ऐकला, आणि सोळाच्या आतल्या मुलाच्या बाबतीत त्याची किंमत शाळेच्या वर्षात मोजावी लागते. अकरावीपासून ती बरीच कमी होते. दहावीचं बोर्ड मागे पडलेलं असतं, अकरावी-बारावी कुठूनही करता येते, आणि क्लबही त्या वयात मुलाकडे मुख्य संघाच्या नजरेने बघायला लागतो. म्हणून धाकट्याबाबत आमचं ठरलंय: दहावी भुसावळात, चाचण्या त्यानंतर.

यात तोटा आहे आणि तो मी मान्य करतो. मान वळवून बघण्याची ती सवय धाकट्याला अजून पक्की लागलेली नाही. थोरला आता त्याला ती शिकवतो, कारण तो पुन्हा खेळायला लागलाय. सामने कमी पडतात म्हणून आम्ही चार-पाच पालकांनी मिळून जळगाव, भुसावळ, चाळीसगावच्या मुलांचे रविवारी मैत्रीपूर्ण सामने लावायला सुरुवात केली. पॅसेंजरचं तिकीट आणि डबा, एवढाच खर्च. लीगची बरोबरी होत नाही, पण हरल्यावर पुढचा रविवार असतो. घरी राहण्याचा एक फायदा पालक विसरतात, तो म्हणजे शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं. दहावी-बारावीला त्यांचे सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, रेल्वेची खेळाडू भरती आहे. भुसावळच्या माणसाला रेल्वेचं महत्त्व सांगायला नको. परराज्यातल्या अकादमीत असताना या स्पर्धा मुलाच्या हातून सुटू शकतात.

उशीर होईल का, ही भीती मलाही होती. सुनील छेत्री शालेय फुटबॉलमधून वर आला, २००१ मध्ये आशियाई शालेय स्पर्धा खेळला आणि २००२ मध्ये मोहन बागानने त्याला घेतलं. उलट बाजूला लल्लियनझुआला छांगटे. तो मिझोरामहून पुण्याच्या त्याच डीएसके अकादमीत आला आणि तिथून भारताच्या संघात पोहोचला. दोन्ही वाटांनी माणसं पोहोचली आहेत, त्यामुळे एखाद्या नावावरून निर्णय घेऊ नये.

काही घरांना मात्र मी उलटा सल्ला देईन. धडगाव, अक्कलकुव्याकडचा मुलगा असेल आणि तसाही आश्रमशाळेत, घरापासून लांबच राहत असेल, तर चांगली मोफत अकादमी त्याच्यासाठी सरळ पुढचं पाऊल आहे, पाठवा. सातपुड्यातल्या पोरांचा दम बघितला की वाटतं, यांना फक्त बॉल आणि शिकवणारा माणूस हवा. तसंच गोलकीपर. आपल्याकडे गोलकीपरला वेगळं शिकवणारं जवळपास कोणी नाही, उंच मुलाला गोलमध्ये उभं करतात आणि झालं. तेराव्या वर्षी संधी मिळाली तर गोलकीपरने जावं असं माझं मत आहे. राज्य सरकारची निवासी क्रीडा प्रबोधिनी हा मधला मार्गही बघून ठेवावा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा विश्वचषक खेळला, तो पुण्याच्या प्रबोधिनीतूनच पुढे आला. तिथे राज्य सुटत नाही.

आणि हे सगळं वाचूनही तुम्ही आठवी-नववीतच पाठवायचं ठरवलंत, तर जाण्याआधी दोन कामं करा. जन्मदाखला जन्मानंतर वेळेत नोंदवलेला आहे ना ते बघा, उशिरा नोंदवलेल्या दाखल्यावर खेळाडू म्हणून नोंदणी अडू शकते. आणि अकादमीकडून लेखी घ्या की राहणार की जाणार हे दरवर्षी कोणत्या तारखेपर्यंत सांगणार, आणि सोडल्यास शाळेचा दाखला प्रतिस्वाक्षरीसह किती दिवसांत देणार. ही तारीख १५ मेच्या आतली हवी. तोंडी “काळजी करू नका” एवढंच मिळत असेल तर मी तरी माझं पोरगं दहावीआधी पाठवणार नाही.