वर्गात मैदानापेक्षा शुद्ध हवा? सीओटू मीटर वर्षभर वापरल्यावर

नववीचा वर्ग, साठ मुलं, नाशिकची थंडी, खिडक्या बंद आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मोजणाऱ्या मीटरवर आकडा ३८० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३८० भाग! बाहेर मोकळ्या हवेतच कार्बन डायऑक्साइड ४२० च्या पुढे असतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सेन्सर गेलाय मॅडम, नवीन टाकावा लागेल." खर्च मीटरच्या निम्म्या किमतीएवढा. पदरचे पाच हजार मोजलेत, असे कसे देईन?

सेन्सर गेलेला नव्हताच. या मीटरमध्ये ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे आपोआप जुळवून घेण्याची सोय, आधीपासून चालू असतं. आठवडाभरात दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं मीटर धरून चालतो. रिकाम्या वर्गात रात्रभर चालू राहिला तर हिशेब बरोबर बसतो. पण शाळा सुटली की आमचे शिपाईमामा मेन स्विच बंद करतात, आणि ते योग्यच आहे. मग मीटरला दिसते ती फक्त भरल्या वर्गाची हवा. तिथला सातशे तो चारशे समजायला लागतो आणि पुढचे सगळे आकडे कमी दाखवतो. जास्त दाखवला असता तर निदान खिडक्या तरी उघडल्या असत्या. इथे वर्ग कोंदटलेला आणि मीटरचा दिवा हिरवा! 'शाळांसाठी उपयुक्त' असं खोक्यावर छापता, मग ही एक ओळ माहितीपत्रकात का नाही? सर्व्हिसवाल्यालाही ठाऊक नसावी, याचा मला अजून राग आहे.

उपाय फुकटचा आहे. ऑटो बंद करा, मीटर मैदानात सावलीला, माणसांपासून लांब वीसेक मिनिटं ठेवा आणि मॅन्युअल कॅलिब्रेशन करा.

त्यानंतर माझं मत बदललं. खरे आकडे दिसू लागले: तिसऱ्या तासाला २१०० च्या आसपास. एवढ्याने विषबाधा होत नाही, पण एकमेकांनी सोडलेला श्वास मुलं किती प्रमाणात परत घेताहेत ते कळतं, आणि त्यासोबत सर्दी-खोकलाही फिरतो. पंखा फुल केला तरी आकडा ढिम्म, कारण पंखा तीच हवा फिरवतो. समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडलं की काही मिनिटांत हजाराच्या खाली. आता खिडकीजवळची मुलं न सांगता उठतात, हे बघून फार बरं वाटतं.

हा मीटर पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळही दाखवतो; तो आकडा ठीक. झाडू मारताना उसळतो, धुक्यात उगाच वाढतो, आणि खडूची धूळ बरीचशी जाड असल्याने ती यात फारशी दिसत नाही.

शेजारच्या वर्गात दीड हजार रुपयांचा मीटर आहे. रिकाम्या वर्गात फिनाईलने फरशी पुसली की तो लाल होतो! त्यात सीओटूचा सेन्सरच नाही, वासांवरून अंदाज बांधतो. तो घेऊ नका. एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट सीओटू मोजणारा) सेन्सर आहे का आणि ऑटो कॅलिब्रेशन बंद करता येतं का, हे दुकानदाराला विचारा. दोन्ही उत्तरं 'हो' असतील तरच पैसे काढा. आठवी आणि दहावीसाठी मी मुख्याध्यापकांकडे हाच मीटर मागितला आहे.