अरुगम बे: सर्फबोर्ड पालथा न करता भाड्याने घेतला, त्याची गोष्ट

सात हजार रुपये गेले, त्याचं दुःख आता ओसरलंय. पण मी रत्नागिरीचा, अर्धं बालपण भाट्याच्या वाळूत गेलेलं, आणि मला समुद्राकाठीच कोणीतरी टोपी घालावी याची चुटपुट काही जात नाही. हल्ली आपली बरीच मंडळी सर्फिंगला श्रीलंकेत जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

अरुगम बे श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पोत्तुविलला लागून. आपल्याकडे पावसाने झोडपलेलं असतं तेव्हा तिथे हंगाम, साधारण मे ते सप्टेंबर. खाडीच्या दक्षिण टोकाला मेन पॉइंट. टोकाला वळसा घालून लाट उजवीकडे लांबच लांब उलगडत जाते आणि तिच्याखाली खडक नि पोवळं. आमच्यासारखे नवशिके आतल्या बाजूला बेबी पॉइंटवर, नाहीतर टुकटुक करून उत्तरेला व्हिस्की पॉइंटला. दुपारी वारा सुटला की पाणी विस्कटतं, त्यामुळे सगळा गाव पहाटे पाण्यात. माझी फसवणूक या पहाटेच्याच जोरावर झाली.

कर्नाटकात मुळकीला चार दिवस सर्फिंग शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर फोमचा बोर्ड सोडून फायबरग्लासचा घ्यायची खुमखुमी आली. रस्त्याकडेच्या एका दुकानात दिवसाला दोन हजार लंकन रुपये ठरले, आपले साधारण पावणेसहाशे. मालक भलताच गोड. कधी निघणार, कुठे जाणार, सगळी चौकशी केली. शनिवारी सकाळी दहाला एल्लाला निघायचंय म्हटल्यावर गाडीसुद्धा त्यानेच ठरवून दिली. अनामत म्हणून पासपोर्ट मागितला. 'इथे सगळेच ठेवतात, ब्रदर.' मी दिला. बायको मागून शर्ट ओढत होती, तरी दिला.

बोर्ड मिळाला दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला. काळोख, टुकटुक चालू, ड्रायव्हर घाई करतोय. पोऱ्याने बोर्ड वॅक्सची, म्हणजे उभं राहायची बाजू वर करून हातात दिला, लीश, म्हणजे बोर्ड पायाला अडकवायची दोरी, बांधून दाखवली, अंगठा वर केला. मी शहाणपणा म्हणून मोबाइलचा फ्लॅश मारून फोटोही काढला. वरच्या बाजूचा. पालथा करून बघायचं सुचलंच नाही.

तीन दिवस मजेत गेले. शुक्रवारी बेबी पॉइंटवर ओहोटीच्या वेळी फिन, म्हणजे बोर्डाच्या पोटाला असलेला कल्ला, खाली घासली. खर्रर्र असा आवाज, एकदाच. घाबरून किनाऱ्यावर आलो, फिन पाहिली, टोक जरा खरवडलं होतं. बाकी बोर्डाकडे कोण बघतो?

शनिवारी नऊला बोर्ड परत केला. मालकाने तो आधी पालथा केला. शेपटीकडच्या कडेला वीतभर भेग, मधला तुकडा आत दबलेला. 'मेन पॉइंटला गेलेलास ना? रीफवर, खालच्या खडकावर आपटला.' मेन पॉइंटला गेलो नव्हतो, पण तो खर्रर्र आवाज कानात होताच. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःलाच वाटलं, आपणच फोडला. पंचेचाळीस हजार लंकन रुपये मागितले. पासपोर्ट त्याच्या खणात, एल्लाची गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. घासाघीस करून पंचवीस हजारांवर सुटलो. पावतीवर नुसतं 'रिपेअर'. भांडताना बायकोने त्या भेगेचा एक फोटो काढून ठेवला, एवढंच काय ते आमच्या हाती.

एल्लाच्या होमस्टेमध्ये वर्षानुवर्षं बोर्ड दुरुस्त करणारा एक जण भेटला. त्याला फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला आणि हसला. फायबरग्लासच्या कवचाखाली फोम असतो, आणि ताज्या डिंगमधला, म्हणजे नुकत्याच फुटलेल्या जागेतला, फोम ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा दिसतो. माझ्या फोटोत तो चहात बुडवलेल्या पावासारखा तांबूस होता. भेगेतून खारं पाणी आत जातं, वर ऊन लागतं, असं कित्येक दिवस चाललं तर फोमला तो रंग येतो. कडेला चिकट डागही होता: तिथे भेग झाकणारा स्टिकर होता आणि तो माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे निघाला असणार. दुरुस्तीचा खर्च? मी दिले त्याच्या पाव भागात काम होऊन वर पैसे उरले असते, म्हणाला.

दुकानदाराला मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पर्यटकांसाठी तिथे १९१२ हा नंबर आहे, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर दुकानात उभं राहूनच लावला असता. नुसतं फोन हातात घेतल्यानेही आकडा खाली आला असता, असं वाटतं. सगळे दुकानदार असे नसतात, हेही सांगतो. मला शिकवणारा मुलगा तर अर्धा तास जास्त पाण्यात थांबला आणि वर पैसे घेईना.

तुम्ही जाणार असाल तर पासपोर्ट कुणाच्या खणात ठेवू नका, अनामत रोख द्या. बोर्ड आदल्या दिवशी उजेडात ताब्यात घ्या, कडा, नाक, शेपूट, फिन, सगळ्याचा व्हिडिओ दुकानदाराला फ्रेममध्ये घेऊन काढा. स्टिकर असला तर त्यावर अंगठा दाबून बघा, खाली मऊ लागतं का. शेपटीवर उभा धरल्यावर पाणी ठिबकलं, तर तो बोर्ड नको. आणि निघायचा दिवस सांगू नका, विचारलं तरी.

पुढे वेलिगामाला पुन्हा बोर्ड घेतला. वाळूचा तळ, दगडाची भीती नाही, तरी मी तो दुकानातच उताणा-पालथा करून, बोटांच्या पेरांनी ठोकत बसलो, नारळ घेताना ठोकतात तसा. दुकानातला पोरगा बघत राहिला, मग न बोलता जवळ आला आणि मला न दिसलेल्या दोन भेगा दाखवून त्याने त्या वहीत लिहून घेतल्या.