व्हेंच्युरीमीटर की ओरिफिस प्लेट: घसरलेला दाब परत येतो का?

पाइपातून किती पाणी जातंय ते मोजायचं आहे आणि समोर व्हेंच्युरीमीटर (हळूहळू अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारी नळी) आणि ओरिफिस प्लेट (पाइपात आडवी बसवलेली, मधे छिद्र असलेली चकती) हे दोन पर्याय आहेत. दोन्ही वाट अरुंद करतात आणि तिथे घसरलेल्या दाबावरून प्रवाह काढतात. टेस्ट रिग, म्हणजे प्रयोगाची मांडणी, उभी करणारे विद्यार्थी बरेचदा एकाच आकड्यावर निर्णय घेऊन मोकळे होतात. व्हेंच्युरीचा डिस्चार्ज कोएफिशंट, म्हणजे सीडी, ०.९८ च्या आसपास असतो आणि ओरिफिसचा ०.६१ च्या आसपास. म्हणजे व्हेंच्युरी अचूक आणि ओरिफिस ढोबळ, असं धरलं जातं. ते चूक आहे.

सीडी म्हणजे प्रत्यक्षातला प्रवाह भागिले, वेग वाढला की दाब घटतो हे सांगणाऱ्या बर्नुलीच्या समीकरणातून निघालेला आदर्श प्रवाह. ओरिफिसमधून बाहेर पडलेली धार छिद्राशी थांबत नाही, पुढे आणखी आकसत जाते. प्लेटपासून साधारण अर्ध्या पाइप-व्यासावर ती सगळ्यात बारीक होते आणि तिथे तिचं क्षेत्रफळ छिद्राच्या जेमतेम ६२ टक्के उरतं. यालाच व्हेना कॉन्ट्रॅक्टा म्हणतात. आपण सूत्रात मात्र छिद्राचं क्षेत्रफळ टाकतो, कारण मोजता येतं ते तेवढंच. ०.६१ मधला मोठा वाटा या आकसण्याचा आहे, मीटरच्या चुकीचा नाही. व्हेंच्युरीत भिंतच धारेला थ्रोटपर्यंत, म्हणजे सगळ्यात अरुंद भागापर्यंत, आणून सोडते, वेगळं आकसणं होत नाही, म्हणून सीडी १ च्या जवळ राहतो.

अचूकता ठरते ती सीडी किती खात्रीने माहीत आहे यावरून. आयएसओ ५१६७ या मानकात छिद्र आणि पाइप यांच्या व्यासाच्या नेहमीच्या प्रमाणातल्या ओरिफिस प्लेटच्या सीडीची अनिश्चितता ०.५ टक्के दिली आहे, तर मशिनिंग केलेल्या क्लासिकल व्हेंच्युरीची १ टक्का. नीट बनवलेली, नीट बसवलेली ओरिफिस प्लेट अचूकतेत कमी पडत नाही. मग फरक कुठे आहे? दाबाच्या हिशेबात. तो आकड्यांनीच बघू.

पाइपचा व्यास १०० मिमी, थ्रोट किंवा छिद्र ५० मिमी, प्रवाह सेकंदाला १० लिटर पाणी. छिद्राच्या क्षेत्रफळावर वेग येतो ५.१ मीटर प्रति सेकंद. सीडी ०.९८ धरून व्हेंच्युरीवर दाबाचा फरक १२.७ किलोपास्कल निघतो. त्याच प्रवाहाला, सीडी ०.६१ धरून, ओरिफिसवर तो ३२.७ किलोपास्कल होतो. पाणी-पारा यू-ट्यूब मॅनोमीटर (दाबाचा फरक पाऱ्याच्या उंचीत दाखवणारी नळी) लावला तर व्हेंच्युरीवर पाऱ्याची उंची १०.२ सेंमी दिसेल आणि ओरिफिसवर २६.४ सेंमी.

हा फरक मापण्यापुरता आहे. पंपाला भरावा लागतो तो कायमचा गेलेला दाब. व्हेंच्युरीत थ्रोटनंतरचा भाग ७ ते १५ अंशांच्या कोनात हळूहळू रुंदावतो. वेग कमी होत जातो तसा दाब परत चढतो आणि फरकातला साधारण १० ते १५ टक्केच गमावला जातो. आत येणारा भाग २१ अंशांचा चालतो, बाहेर जाणारा तेवढा ठेवता येत नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आत येताना दाब पुढे उतरत असतो, त्यामुळे भिंतीलगतचं मंद पाणीही पुढे ढकललं जातं. बाहेर जाताना दाब पुढे वाढत असतो. भिंतीलगतच्या थराकडे त्या चढाला पुरेल एवढा वेग नसतो. कोन मोठा ठेवला की तो थर भिंत सोडतो आणि भोवरे सुरू होतात. ओरिफिसच्या मागे पहिल्यापासून भोवरेच असतात. ५० टक्के व्यासाच्या छिद्रावर फरकातला सुमारे ७३ टक्के दाब परत येतच नाही.

आपल्या उदाहरणात ओरिफिसवर २४ किलोपास्कल गेले आणि व्हेंच्युरीवर दीड. प्रवाहाने गुणलं की २४० वॅट आणि १५ वॅट. पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर विजेचे ४०० वॅट आणि २५ वॅट. वर्षभर अखंड चाललं तर ओरिफिस सुमारे ३५०० युनिट खाते आणि व्हेंच्युरी सव्वादोनशेच्या आसपास. ही सगळी ऊर्जा पाण्याच्या उष्णतेत जाते, पण तापमान अंशाच्या सहा हजारांशानेच वाढतं, त्यामुळे हात लावून काही कळत नाही. जियोव्हानी व्हेंच्युरीने आकसत्या नळीतला प्रवाह अभ्यासून १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून मापक घडवला अमेरिकन अभियंता क्लेमेन्स हर्शेलने, १८८० च्या दशकात. मोठ्या पाणीपुरवठ्याच्या पाइपात असा मापक का रुजला, ते वरचे आकडे सांगतात.

म्हणून चोवीस तास चालणारी, मोठ्या व्यासाची लाइन असेल, किंवा पंपाकडे दाब मोजकाच असेल, तर व्हेंच्युरी घ्या. बनवायला ती महाग आणि लांबीला मोठी, पण तो खर्च एकदाच होतो. गाळ असलेल्या पाण्यालाही तीच बरी, कारण अडून बसायला कोपरा नसतो. प्लेटच्या अलीकडे गाळ साचतो आणि मापन बिघडतं.

टेस्ट रिगसाठी मात्र माझं मत ठामपणे ओरिफिसच्या बाजूने आहे. आठवड्याला तासभर चालणाऱ्या रिगला वर्षाला विसेक युनिट लागतील, त्यासाठी व्हेंच्युरीचा खर्च करू नये. शिवाय कमी प्रवाहावर ओरिफिस जास्त नीट वाचता येते. दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाबरोबर बदलतो, त्यामुळे प्रवाह एक तृतीयांश केला की पाऱ्याची उंची एक नवमांश होते: व्हेंच्युरीवर ११ मिमी, ओरिफिसवर २९ मिमी. डोळ्याने १ मिमी इकडेतिकडे झालं तर प्रवाहात व्हेंच्युरीची चूक साडेचार टक्क्यांच्या जवळ जाते, ओरिफिसची पावणेदोन टक्क्यांवर राहते. आणि प्लेट बदलता येते. २५, ४० आणि ५० मिमी छिद्राच्या तीन प्लेटा कापून घेतल्या तर एकाच फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपांच्या बोल्टच्या जोडात, तीन प्रयोग होतात.

ओरिफिसची खरी नाजूक बाजू म्हणजे तिची कड. पाणी येतं त्या बाजूची कड धारदार काटकोनी हवी आणि तिरपा कापलेला भाग प्रवाह जातो त्या बाजूला हवा. एकदा आमच्या रिगवर सीडी सारखा ०.७ च्या वर येत होता. दोन दिवस आम्ही मॅनोमीटरच्या नळ्यांमधले हवेचे बुडबुडे काढत बसलो. शेवटी फ्लँज उघडली तर प्लेट उलटी बसलेली होती. तिरप्या बाजूने धार कमी आकसते, तेवढ्याच प्रवाहाला फरक कमी पडतो आणि मीटर प्रवाह कमी दाखवतो. कड झिजली तरी हाच परिणाम हळूहळू होतो आणि सहज लक्षात येत नाही. शिवाय प्लेटच्या आधी सरळ पाइप भरपूर लागतो. छिद्राचं प्रमाण आणि अलीकडे बेंड आहे की व्हॉल्व्ह यावर १० ते ४० व्यास, कधी त्याहूनही जास्त. व्हेंच्युरीला यापेक्षा कमी पुरतो. रिगची जागा छोटी असेल तर हा मुद्दा आधी मोजून घ्या.

फक्त आकडा वाचायचा असेल आणि समीकरण शिकायचं नसेल तर रोटामीटर, म्हणजे नळीत वर-खाली होणाऱ्या तरंगत्या तुकड्यावरून प्रवाह दाखवणारा मापक, पुरेसा आहे, फक्त तो उभाच बसवावा लागतो. पिटो ट्यूब एका बिंदूवरचा वेग देते. मोठ्या डक्टमध्ये ती उपयोगी पडते, पण पूर्ण प्रवाह काढायला अनेक बिंदूंवर रीडिंग घ्यावी लागतात. घट्ट तेलासारख्या द्रवाला, जिथे रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर द्रवाच्या चिकटपणाच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) फार कमी असतो, तिथे पुस्तकातला ०.९८ किंवा ०.६१ वापरू नका, सीडी प्रवाहाबरोबर बदलत राहतो.

कोणताही मीटर घेतलात तरी पहिल्या दिवशी कलेक्टिंग टँक आणि स्टॉपवॉच घेऊन पाच वेगवेगळ्या प्रवाहांवर त्याचा सीडी स्वतः काढा, आणि मॅनोमीटरच्या दोन्ही नळ्यांतली हवा त्याआधी काढून टाका. पाचही सीडी एकमेकांजवळ आले नाहीत तर पुढचं एकही रीडिंग वहीत लिहू नका.