टायरमधला नायट्रोजन: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढल्यावर

चारही चाकं पूर्ण रिकामी करून नव्यानं नायट्रोजन भरायचे दोनशे रुपये मागितले, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. कारण एवढंच की कोल्हापूरहून येताना निपाणीजवळ हायवेच्या पंपावर मी डाव्या मागच्या चाकात साधी हवा मारून घेतली होती. बेळगावात ज्या दुकानात नायट्रोजन भरतो तिथला पोरगा म्हणाला, "काका, मिक्स झालं की. आता उपयोग नाही, सगळं सोडून परत भरावं लागतंय." एका चाकात मारली तर चारही का सोडायची, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. मी पैसे दिले नाहीत.

आधी चांगलं सांगतो. नवीन टायर घातले तेव्हा चाकामागे ४० रुपये देऊन नायट्रोजन भरला. पावसाळाभर रोजचं खानापूर, मधूनमधून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोवा. त्या रस्त्यावरचे खड्डे ज्यांनी खाल्लेत त्यांना वेगळं सांगायला नको. गाडीवरच्या स्टिकरवर टायरच्या हवेचा दाब ३३ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दिलाय आणि महिना उलटला तरी काटा जेमतेम अर्धा हलायचा. शिवाय मशीनमधून येणारा नायट्रोजन कोरडा असतो. आपल्याकडच्या पावसात पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते हवेबरोबर टायरमध्ये जातं, आणि हे टळणं मला अजूनही मोलाचं वाटतं.

थंडी आली तसं मत बदलायला लागलं. दसऱ्याच्या सुमारास दुपारी भरलेली ३३ डिसेंबरच्या सकाळी ३१ च्या खाली. "नायट्रोजनवर थंडी-उन्हाचा परिणाम होत नाही" असं दुकानाच्या बोर्डावर लिहिलंय, ते साफ खोटं आहे. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय उतरतो, मग आत नायट्रोजन असो नाहीतर साधी हवा. माझ्या भावाच्या गाडीत साधी हवा आहे, तिचीही तेवढीच उतरली.

आता त्या "मिक्स"चं. यावर मी कागद-पेन घेऊन बसलो, कारण दोनशे रुपये कष्टाचे असतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, म्हणून इथं बाहेरच्या हवेचाच दाब साडेतेरा पीएसआयच्या आसपास. टायर "रिकामा" केला तरी तेवढी हवा आत राहतेच. गेज, म्हणजे हवा मोजायचा काटा, फक्त बाहेरच्यापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून आतल्या त्या हवेवर गेजचे ३३ चढवले की एकूण साडेशेहेचाळीस. म्हणजे एकदाच भरला तर दुकानाचा नायट्रोजन शंभर टक्के शुद्ध धरला तरी टायरमधला २९ टक्के माल साधी हवाच असतो आणि सहा टक्के ऑक्सिजन पहिल्या दिवसापासून आत असतो. मिक्स तर त्यांनीच करून दिलंय! उलट मी पंपावर २९ वरून ३३ केली, म्हणजे ४ पीएसआय हवा घातली. त्यानं ऑक्सिजन वाढला जास्तीत जास्त पावणेदोन टक्के. एवढ्यासाठी चार चाकं सोडायला सांगणं ही लूट आहे, आणि ज्याला हे गणित माहीत नाही तो बिचारा पैसे देऊन जातो.

नायट्रोजन रबरातून हळू झिरपतो, हे मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेनं २००७ मध्ये ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयवर वर्षभर ठेवून बघितले होते. साध्या हवेचे सरासरी ३.५ पीएसआय गेले, नायट्रोजनचे २.२. वर्षात फरक १.३ चा. विमानाच्या टायरचं उदाहरण दुकानदार देतात, पण तिथं कारण निराळं आहे. ब्रेक भयंकर तापले तर आतल्या ऑक्सिजननं टायर फुटू नये म्हणून तिथं नायट्रोजन लागतो. खानापूरच्या रस्त्यावर ती वेळ येत नाही.

तरी डाव्या मागच्या चाकाची हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआय का उतरत होती? दुकान म्हणे मिक्समुळं. घराजवळच्या पंक्चरवाल्या अण्णानं साबणाचं पाणी लावलं तर वॉल्व्हच्या बुडातून बुडबुडे! रबर चिरलं होतं. नवा वॉल्व्ह घातला, साधी हवा भरली, तेव्हापासून ते चाक बाकी तिघांबरोबर चालतंय. गळका वॉल्व्ह आत काय भरलंय ते बघत नाही.

सध्या माझ्याकडं स्वतःचं गेज आहे. पंधरवड्यातून एकदा, सकाळी गाडी हलवायच्या आधी बघतो. चालवल्यावर टायर तापून आकडा चढलेला दिसतो, तेव्हा हवा कमी करायची नाही. गोव्याला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. घाट उतरलात की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून तेवढ्याच तापमानाला गेज एक-सव्वा पीएसआय कमी दाखवतं. ती गळती नव्हे, तिथं लगेच पंक्चरवाला गाठू नका.

चार चाकांत आता पंपावरची फुकटची हवा घालतो, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलंय का हे विचारून. स्टेपनीत तेवढा नायट्रोजन ठेवलाय. तिच्याकडं महिनोन्‌महिने कुणी बघत नाही, तिथं हळू झिरपण्याचा खरा उपयोग होतो, आणि एका चाकाचे ४० रुपये मला जड वाटत नाहीत.